घशाच्या वेशीवरची चावडी : टॉन्सिलमधील पेशींचे संदेशवहन

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की, प्राथमिक शाळांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. शिक्षकांनी चौकशी केली तर पालकांकडून बहुधा एकच उत्तर येते : मुलाचा घसा धरला आहे, टॉन्सिल सुजले आहेत. ही तक्रार इतकी नित्याची आहे की, तिची फारशी दखल कोणी घेत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हळद घातलेले दूध आणि फार तर दुकानातून आणलेली एखादी गोळी, एवढ्यावर प्रकरण मिटते. बहुतेक वेळा ते खरोखरच मिटते. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत हीच दुर्लक्षित घसादुखी पुढे हृदयापर्यंत पोहोचते आणि जन्माचे दुखणे मागे ठेवून जाते. असे का घडते हे समजून घ्यावयाचे तर टॉन्सिल या लहानशा अवयवात शरीराच्या संरक्षक पेशी एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव मोसंबीच्या बाजारपेठेसाठी मराठवाड्यात परिचित आहे. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील या गावाचे नाव सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातही नवे नाही. १९७० च्या दशकात डॉ. अशोक दयालचंद यांनी येथे ग्रामीण आरोग्याच्या कार्यास वाहून घेतले. त्यातून उभ्या राहिलेल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड' या संस्थेने माता, बालके आणि किशोरवयीन मुली यांच्या आरोग्यासाठी जे काम केले, त्याची नोंद देशाबाहेरही घेतली गेली. या कामाचे सूत्र साधे आहे. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता गावातील प्रशिक्षित कार्यकर्तीने घरोघर जावे, गरज ओळखावी आणि ती माहिती योग्य ठिकाणी वेळेवर पोहोचवावी. निसर्गाने मानवी शरीराची संरक्षणव्यवस्था याच सूत्रावर उभारली आहे. वर्दी मिळणे, ती पडताळून पाहणे आणि मगच कारवाई करणे, हा तिचा क्रम होय.

वेशीवरचा पहारा

जुन्या काळी गावाला गावकूस असे आणि आत येण्यासाठी वेस असे. वेशीतून आत शिरणाऱ्या परक्या माणसाची वर्दी चावडीवर दिली जाई. तोंड आणि नाक ही शरीराची वेस मानली तर टॉन्सिल ही त्या वेशीवरची चावडी आहे. वैद्यकीय परिभाषेत 'गिलायू' म्हटल्या जाणाऱ्या या दोन गाठी पडजिभेच्या दोन्ही बाजूंस असतात. नाकाच्या मागील बाजूस आणि जिभेच्या मुळाशीही अशाच ऊतींचे पुंजके आहेत. या सर्वांचे मिळून घशाभोवती एक कडे तयार होते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइन्रिक वाल्डायर यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

टॉन्सिलचा पृष्ठभाग सपाट नसतो. प्रत्येक टॉन्सिलमध्ये साधारणतः १० ते ३० खोल खाचा असतात. प्रौढ माणसाच्या एका टॉन्सिलमधील या खाचा उलगडून पसरल्या तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डांहूनही काहीसे अधिक भरते. अन्न, पाणी व हवा यांच्याबरोबर येणारे जंतू या खाचांत अडकतात. तेथील अस्तर मुद्दामच विरळ असते. त्यातून जंतूंचे नमुने आत घेतले जातात. काखेतील किंवा जांघेतील लसीका ग्रंथींना दूरच्या भागातून वाहून येणाऱ्या मालाची वाट पाहावी लागते. टॉन्सिल मात्र आपला नमुना थेट वेशीवरच घेते. बालपणी, जेव्हा शरीराला प्रत्येक जंतू नवा असतो, तेव्हा टॉन्सिल सर्वांत कार्यक्षम असतात. पौगंडावस्थेनंतर ते हळूहळू आक्रसत जातात.

वर्दी देणारे आणि वर्दी घेणारे

या चावडीवर मुख्यतः तीन प्रकारच्या पेशींचा राबता असतो. पहिल्या शाखी पेशी. झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरून त्या खाचांच्या कडेला बसलेल्या असतात. जंतू हाती लागला की त्याचे तुकडे करून त्यांपैकी एखादा तुकडा त्या आपल्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनाच्या खोबणीत बसवून इतरांना दाखवितात. दुसऱ्या टी पेशी. या छातीतील थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात आणि दाखविलेला तुकडा ओळखणे हे त्यांचे काम असते. तिसऱ्या बी पेशी. या हाडांतील मज्जेत जन्मतात आणि प्रतिपिंडे तयार करण्याची क्षमता त्यांच्या ठायी असते. प्रतिपिंडे म्हणजे जंतूला किंवा त्याच्या विषाला चिकटून ते निकामी करणारी प्रथिने होत.

येथे एक अडचण उद्भवते. प्रत्येक टी पेशी व बी पेशी केवळ एकाच आकाराचा तुकडा ओळखू शकते. एखाद्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी लाखोंमध्ये मोजक्याच असतात. त्यांची परस्परांशी गाठ पडावी कशी? याचे उत्तर रासायनिक संदेशांत आहे. टॉन्सिलच्या निरनिराळ्या भागांतून निरनिराळी लहान प्रथिने पाझरत असतात. मुंगी जशी गंधाच्या मागावर जाते, तशा या पेशी त्या प्रथिनांच्या मागावर जातात. बी पेशींचा मोहल्ला वेगळा, टी पेशींचा वेगळा. मात्र जंतूची ओळख पटलेली पेशी आपला मोहल्ला सोडून दोहोंच्या सीमेवर येते आणि तेथे त्यांची भेट होते.

दोन सह्यांचा नियम

ग्रामपंचायतीच्या खात्यातून रक्कम काढावयाची तर एकट्या सरपंचाच्या सहीवर ती निघत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायतीचा सचिव या दोघांचीही संमती लागते, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको. एकाची चूक किंवा लबाडी सर्व गावाला भोवू नये, हा त्यामागील हेतू. टॉन्सिलमधील कारभारही असाच चालतो.

टी पेशीने शाखी पेशीवरील तुकडा ओळखला, ही झाली पहिली सही. परंतु तेवढ्यावर टी पेशी कामास लागत नाही. शाखी पेशीला खरोखर धोका जाणवला असेल तरच ती आपल्या पृष्ठभागावर दुसरे एक प्रथिन उंचावते. ते टी पेशीवरील ग्राहीशी जुळले की दुसरी सही होते. दुसरी सही न मिळाल्यास टी पेशी निष्क्रिय होऊन बसते. आपण खाल्लेल्या भाकरीविरुद्ध किंवा स्वतःच्याच ऊतींविरुद्ध शरीर सहसा युद्ध पुकारत नाही, याचे एक महत्त्वाचे कारण हेच. बी पेशीलाही असाच नियम लागू आहे. तिने जंतू पकडला तरी तिला टी पेशीचे साह्य लागते. टी पेशी आपल्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाने बी पेशीवरील 'सीडी ४०' नावाच्या ग्राहीला स्पर्श करते आणि त्याच वेळी इंटरल्युकिन नावाची संदेशवाहक प्रथिने सोडते. तेव्हा कोठे बी पेशी वाढू लागते.

या साहाय्यक टी पेशींची स्वतंत्र ओळख पटली ती टॉन्सिलमुळेच. इ.स. २००० मध्ये युरोपातील संशोधकांच्या दोन गटांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी टॉन्सिलचा अभ्यास करून, बी पेशींच्या वस्तीत जाऊन त्यांना मदत करणाऱ्या टी पेशी हा एक वेगळा वर्ग असल्याचे दाखवून दिले.

बियाण्याची निवड

दुसरी सही मिळालेल्या बी पेशी एकत्र येऊन दाट वस्ती करतात. तिला जननकेंद्र असे नाव आहे. तेथे चालणारे काम शेतकऱ्याच्या बियाणे निवडीसारखे आहे. बी पेशी झपाट्याने विभागतात आणि विभागताना प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम लहानलहान बदल करतात. मग प्रत्येक नव्या पेशीची परीक्षा होते. जी पेशी जंतूला अधिक घट्ट पकडते, तिला टी पेशीचा होकार अधिक मिळतो आणि ती पुढच्या फेरीत जाते. उरलेल्या पेशी नष्ट होतात. अशा अनेक फेऱ्यांनंतर जे उत्तम वाण हाती लागते, त्यातून प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात. पहिल्या भेटीत या साऱ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोच जंतू पुन्हा आला तर स्मृतिपेशींमुळे काही दिवसांतच उत्तर तयार होते.

जननकेंद्रातील टी व बी पेशींच्या भेटी काही मिनिटांच्याच असतात. एवढ्या थोड्या वेळात निर्णय कसा होतो, याचा एक धागा २०१७ मध्ये मिळाला. मेंदूतील चेतापेशी ज्या डोपामीन या रसायनाद्वारे परस्परांशी बोलतात, तेच रसायन मानवी टॉन्सिलमधील काही साहाय्यक टी पेशींतही साठविलेले असल्याचे आढळून आले. योग्य बी पेशी भेटताच टी पेशी ते सोडते. त्यायोगे बी पेशी आपले होकाराचे प्रथिन त्वरेने पृष्ठभागावर आणते आणि दोघींमधील संवाद दृढ होतो. उंदरांच्या पेशींत हा साठा सापडला नाही. माणसाच्या संरक्षणव्यवस्थेचा अभ्यास माणसाच्याच ऊतींवर का करावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

संदेश पोहोचणे जसे महत्त्वाचे, तसे त्याचे बळही महत्त्वाचे. या विषयात महाराष्ट्रातील संशोधनाचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. भास्कर साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लिश्मानिया या परजीवीच्या संदर्भात 'सीडी ४०' या ग्राहीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा अभ्यास टॉन्सिलवर नसून जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींवर होता. परंतु त्याचा निष्कर्ष मननीय आहे. त्याच ग्राहीतून संदेश क्षीण गेला तर पेशी परजीवीला पोषक असे वर्तन करते आणि तोच संदेश जोरकस गेला तर ती परजीवीचा नाश करण्यास प्रवृत्त होते. म्हणजे निरोप एकच, पण तो कशा आवाजात दिला यावर परिणाम अवलंबून राहतो.

खोटी सही करणारा जंतू

शाळकरी मुलांची घसादुखी बहुतांशी विषाणूंमुळे होते आणि ती आपोआप बरी होते. साधारणतः २० ते ३० टक्के मुलांत मात्र तिचे कारण 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस हा जीवाणू असतो. हा जंतू मोठा कावेबाज आहे. तो असे एक विष सोडतो की, जे खोबणीतील तुकडा पाहण्याची पायरीच टाळून टी पेशीला परस्पर जखडते. पडताळणीविना झालेली ही खोटी सहीच होय. त्यामुळे एकाच वेळी असंख्य टी पेशी विनाकारण उत्तेजित होतात आणि खरा निरोप गोंगाटात हरवतो.

अमेरिकेतील ला होया येथील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा पुरावा मिळाला. या जीवाणूमुळे वारंवार टॉन्सिल सुजणाऱ्या मुलांच्या टॉन्सिलची तुलना, झोपेत श्वास अडखळत असल्यामुळे काढलेल्या टॉन्सिलशी करण्यात आली. पहिल्या गटातील मुलांची जननकेंद्रे लहान होती आणि जंतूच्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे कमी होती. इतकेच नव्हे, तर त्या विषाच्या प्रभावाखाली साहाय्यक टी पेशी बी पेशींना मदत करण्याऐवजी त्यांचाच नाश करू शकतात, असेही दिसून आले. एखाद्या मुलाचा घसा पुन्हा पुन्हा का येतो, याचे उत्तर केवळ थंड पाणी, आंबट बोरे किंवा पालकांचा निष्काळजीपणा यांत शोधणे त्यामुळे योग्य ठरणार नाही.

घशाकडून हृदयाकडे

या जीवाणूची काही प्रथिने मानवी हृदयाच्या ऊतींशी साम्य दाखवितात. त्यामुळे काही मुलांत जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे व टी पेशी घसा बरा झाल्यावर दोन ते तीन आठवड्यांनी स्वतःच्याच हृदयावर चालून जातात. यालाच संधिवाती ज्वर, किंवा डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटिक ताप, असे म्हणतात. तो मुख्यतः ५ ते १५ या वयोगटात आढळतो. दाटीवाटीची घरे आणि उपचारांची उणीव असते तेथे तो अधिक फोफावतो. गुडघे, घोटे, कोपरे एकामागून एक सुजतात व दुखतात. सांधे पुढे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा राहून जाते. पूर्वी मैदानावर धावणारे मूल जिना चढताना धापा टाकू लागते. काही मुलांचे हातपाय आपोआप झटके देऊ लागतात आणि अक्षर एकाएकी बिघडते. अशा वेळी मुलाला आळशी किंवा उनाड समजून शिक्षा करण्याऐवजी त्याला डॉक्टरांकडे पाठविणे, हे शिक्षकांच्या हाती आहे.

समाधानाची गोष्ट अशी की, हा अनर्थ टाळता येतो. घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिनचे योग्य उपचार झाले तर संधिवाती ज्वराला आळा बसतो. हे औषध महाराष्ट्राला नवे नाही. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना पेनिसिलिनच्याच निर्मितीसाठी उभा राहिला. मात्र औषध कोणाला द्यावयाचे व किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरविले पाहिजे. विषाणूजन्य घसादुखीवर प्रतिजैविकांचा काही उपयोग होत नाही. उलट, दुकानातून परस्पर आणलेल्या अर्धवट मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. एकदा संधिवाती ज्वर होऊन गेलेल्या मुलाला तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते चुकू नये, ही कुटुंबाइतकीच गावाचीही जबाबदारी आहे.

टॉन्सिल काढावेत काय?

टॉन्सिल सुजले म्हणजे ते काढून टाकावेत, असा समज अनेक ठिकाणी आहे. चावडीवर गर्दी झाली म्हणून चावडीच पाडण्यासारखे ते होईल. १९७१ मध्ये डॉ. पी. एल. ओग्रा यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात, पोलिओची लस घेतलेल्या मुलांच्या नाक-घशातील पोलिओविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण टॉन्सिल काढल्यानंतर बरेच घटल्याचे आढळले होते. तथापि, घशाभोवतीच्या कड्यातील इतर ऊती आणि मानेतील ग्रंथी हे काम पुढे चालवितात. म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी भयभीत होण्याचे कारण नाही. एका वर्षात सात वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा तीव्र स्वरूपाचा त्रास झाला, अथवा सुजेमुळे झोपेत श्वास अडू लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ शस्त्रक्रियेचा विचार करतात. निर्णय त्यांच्यावर सोपविणे इष्ट.

लस म्हणजे आगाऊ वर्दी

पेशींमधील हा संवाद समजला की लसीकरणाच्या वेळापत्रकामागील तर्कही ध्यानात येतो. घटसर्पाचा जंतू टॉन्सिलवरच ठाण मांडतो. त्याच्या विषामुळे घशात राखाडी पापुद्रा चढून मुलाचा श्वास कोंडतो. लसीत त्या विषाचे निरुपद्रवी रूप असते. जंतू येण्यापूर्वीच पेशींना त्याची वर्दी मिळते, सह्या होतात आणि वाणाची निवडही पार पडते. परंतु ही निवड एका फेरीत पुरी होत नाही आणि स्मृतीही कालांतराने मंदावते. म्हणूनच ६, १० व १४ आठवड्यांच्या मात्रांनंतर १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षे या वयात वर्धक मात्रा दिली जाते. पुढे १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दिली जाते. शेवटच्या दोन मात्रा शाळकरी वयातील असल्याने त्याच अधिक चुकतात.

नाकावाटे दिल्या जाणाऱ्या लशी तर थेट या वेशीवरच वर्दी देतात. २००९ च्या स्वाइन फ्लू साथीत देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि पुढील वर्षीच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारावयाची लस उपलब्ध करून दिली. २०२१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शस्त्रक्रियेत काढलेल्या टॉन्सिलच्या पेशी काचपात्रात वाढविण्यात आल्या. तेथे त्या पुन्हा एकत्र येऊन जननकेंद्रासारखी रचना करतात आणि इन्फ्लुएन्झाची लस दिल्यावर प्रतिपिंडे निर्माण करतात, असे सिद्ध झाले. नव्या लशी माणसांना देण्यापूर्वी पारखण्याचा एक मार्ग त्यामुळे खुला झाला आहे.

गावाचे कर्तव्य

शरीरातील चावडी आपले काम करीतच असते. तिला अपयश येते ते निरोप उशिरा पोहोचल्यामुळे, क्षीण पडल्यामुळे किंवा खोट्या सहीमुळे. गावातही तसेच घडते. मुलाचा घसा दुखतो आहे हे आईला ठाऊक असते, ते धापा टाकते हे शिक्षक पाहतात, त्याची टीडीची मात्रा चुकली हे आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत असते. पण या तीन गोष्टी एकत्र येत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांची पथकांमार्फत तपासणी होते आणि संधिवाती हृदयविकाराचा त्यात समावेश आहे. पथक येण्याच्या दिवशी सर्व मुले हजर राहतील, हे शाळेने पाहावे. गैरहजर मुलांची यादी आशा कार्यकर्तीकडे द्यावी. ताप व गिळताना वेदना असलेल्या मुलाला एक-दोन दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्याचा आग्रह धरावा, आणि ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी शाळकरी मुलांच्या लसीकरणाची नोंद वाचून दाखवावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही. माहिती ज्याच्याजवळ आहे त्याने ती ज्याला हवी आहे त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचविली, तर घशात सुरू झालेले दुखणे घशातच थांबते.